दुरुस्तीचे पैसे

गेल्या दिवाळीत लातूरला चुलतभावाकडे गेलो होतो. जाताना दादांच्या पुस्तकाच्या चार प्रती पिशवीत टाकल्या. नातेवाइकांपैकी जे हे वाचताहेत त्यांच्या घरी एकेक प्रत पोचलीच आहे, आणि कुणी अजून उघडलेली नाही तेही मला ठाऊक आहे. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दादा गेल्यावर त्यांच्या तीन वह्या सापडल्या. नांदेडकडचं निजामाच्या राज्यातलं बालपण, रझाकारांचे दिवस, १७ सप्टेंबर १९४८ ला रेडिओवर आलेली शरणागतीची बातमी आणि ती ऐकायला जमलेली गल्ली, असं सगळं त्यात होतं. कुठला प्रकाशक घेईल असं हे लेखन नव्हतं. म्हणून पैसे भरून पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीकडे गेलो. पॅकेज घेतलं, फाइल पाठवली, आणि चार-पाच महिन्यांत पुस्तक हातात आलं.

वहिनींनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. बाकी सगळे मुखपृष्ठावरचा दादांचा फोटो बघतात. त्यांनी मात्र मधलंच एक पान उघडून समास बघितला, अंगठ्यानं ओळींमधलं अंतर बघितलं.

"छान लावलंय. किती वेळा प्रुफं बघितलीत भाऊजी?"

"सात वेळा!" मी अभिमानानं सांगितलं.

"पॅकेजात किती होती?"

"तीन. पण पुढच्या चार वेळचे त्यांनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत बरं का. चांगली माणसं आहेत."

वहिनी हसल्या. "तुमच्याकडून घेतले नाहीत, तर पानं लावणारीला कुठून दिले असतील?"

फराळाचं ताट समोर होतं. मी चकली मोडली आणि विषय बदलला. पण त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

वहिनी घरी बसून "टायपिंगचं काहीतरी" करतात, एवढंच मला इतकी वर्षं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या टेबलाशी नीट बसलो. त्या अशाच एका कंपनीसाठी पुस्तकांची पानं लावतात. कंपनी दुसऱ्या शहरात. सहा वर्षांत त्यांनी तिचं ऑफिस पाहिलेलं नाही. फाइल मेलवर येते, तातडीची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर. लेखकानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं की युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, मग ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. काही लेखक वहीच्या पानांचे फोटो पाठवतात. मोबदला पानावर. कसलं पान? शेवटी छापायला गेलेलं पान. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे दोनशे पानांचे पैसे, मग ती पानं एकदा लावलेली असोत की आठदा. आणि तेही लेखकानं "ठीक आहे" म्हटल्यावर. एका लेखकानं मुलीच्या लग्नाच्या गडबडीत आठ महिने "ठीक आहे" म्हटलंच नाही.

लेखकाला वाटतं, एक ओळ तर घालायची आहे. पण बाराव्या पानावर एक ओळ घातली की तेराव्याची पहिली ओळ खाली सरकते, ती चौदाव्यावर, असं करत प्रकरणाच्या शेवटी दोन ओळींचं एक अनाथ पान उरतं. मग ते आवळायचं, नाहीतर पुढच्या सगळ्या प्रकरणांचे पृष्ठांक बदलायचे, अनुक्रमणिका बदलायची, फोटो हलवायचे. मी सात वेळा दुरुस्त्या पाठवल्या, त्यातल्या निम्म्या तुम्हा मंडळींनी फोनवरून सांगितलेल्या. आत्याचं लग्न लोह्याला नाही, कंधारला झालं. अमक्या काकांचं नाव राहिलं, ते रागावतील. आपण सगळे मिळून कुणाच्या तरी रात्री खर्ची घालत होतो, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

घरी आल्यावर जुनं काही चाळायला लागलो. पुस्तकाचं काम घरोघरी बसून करायची गोष्ट काही इंटरनेटनं आणलेली नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं. छापखाने येण्याआधी सगळी पुस्तकं घरांत आणि मठांतच तयार होत होती. आपल्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर घ्या, नाहीतर विदर्भातलं रिद्धपूर. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत पिढ्यान्‌पिढ्या हातानं उतरवून ठेवले. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलाकार पुष्कळदा शक, तिथी, गाव आणि स्वतःचं नाव लिहून ठेवतो. पाठ, कंबर आणि मान मोडून, मान खाली घालून हे कष्टानं लिहिलं आहे, जिवापाड सांभाळा, अशा अर्थाचा एक संस्कृत श्लोक तर देशभरच्या पोथ्यांत सापडतो. वहिनींच्या मानेला पट्टा आहे. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "त्याला निदान शेवटी चार ओळी लिहायला तर मिळाल्या."

मग छपाई आली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप पाडायचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. हे जावजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला होते, म्हणजे तळापासून वर आलेला माणूस. छापखान्यांमुळे पुस्तकाचं काम घरातून उठून एका छपराखाली गेलं. खिळे जुळवणारा कंपोझिटर केसपुढे दिवसभर उभा, शिशाची धूळ नाकात, उजेड कमी. सुखाची नोकरी नव्हतीच ती. पण एका छपराखाली आल्यामुळे दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे कामाला वेळ आली. ती आपोआप नाही आली, भांडून आली. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपण गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून ऐकतो, पण ते 'दीनबंधू'चे संपादकही होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं हे पत्र लोखंडे १८८० पासून मुंबईहून चालवू लागले. त्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या लहानपणी नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा व्हायचा. आई त्यावर स्वयंपाकाची वेळ धरायची. भोंगा झाला की पाळी सुटली, माणसं सायकली काढून घराकडे. मिल केव्हाच बंद पडली. पण पाळी सुटते म्हणजे काय, हे त्या भोंग्यानं आम्हाला कानांनी शिकवलं होतं. वहिनींच्या टेबलाशी भोंगा नाही. फाइल रात्री साडेदहाला येते आणि सोबत "सकाळपर्यंत होईल ना?" असतं. रविवार तर लेखकांचा खास वार. त्यांनाही त्याच दिवशी सवड असते ना!

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जुन्या छापखान्यांत दुरुस्त्या दोन प्रकारच्या धरल्या जात. जुळाऱ्याच्या हातून चूक झाली तर ती त्यानं निस्तरायची. पण लेखकानं प्रुफावर वाक्यच बदललं, नवा मजकूर घातला, तर तो लेखकाचा बदल, आणि त्याचा खर्च लेखकाच्या बिलात. शिशाचे खिळे उचकटून पुन्हा बसवायला किती वेळ गेला, हे छापखान्यातल्या सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून हा हिशेब करता येत होता. लेखकही मग हात आखडता घ्यायचे. "प्रुफात लेखन करू नये" ही जुनी शिकवण आली ती यातूनच असावी.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणंही आपल्याकडे नवं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. बाई बुलढाण्याला, खिळे पुण्याला. पण सगळ्यात मोठं उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसानं ज्ञानकोशासाठी प्रकाशक शोधत बसण्याऐवजी लिमिटेड कंपनीच काढली. भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले, आधी नागपूर आणि मग पुण्यात कचेरी थाटली, आणि तेवीस खंड पुरे केले. हेच केतकर १९३१ साली निजामाच्या राजधानीत, हैदराबादला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला ते काही परके नव्हते.

मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. केतकरांनी कंपनी कशी चालवली याचा इतिहास 'माझे बारा वर्षांचे काम' या नावानं छापून ठेवला. ज्ञानकोशाच्या कचेरीत काम शिकलेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे पुढे 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे संपादक झाले. १९३२ पासून निघालेला तो कोश आजही आपण उघडतो. एका छपराखाली काम केलेल्या मदतनिसाला पुढे उभं राहता येतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस काय करतो ते दिसतं, काम शिकता येतं, दोघं मिळून मालकाकडे जाता येतं. वहिनींसारखं काम करणाऱ्या त्यांच्या कंपनीत किती जणी आहेत? त्यांना माहीत नाही. एकीशीही त्या कधी बोललेल्या नाहीत.

मग हे काम परत घरी आलं कसं? संगणकामुळे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, पुढे भारतीय लिप्यांसाठी जिस्ट आणि आयएसएम आलं, श्रीलिपी आणि आकृती आलं, आणि पेजमेकरवर मराठी पान लागायला लागलं. नांदेड-लातूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांत रेमिंग्टनच्या शेजारी संगणक येऊन बसले. 'लातूर पॅटर्न'च्या क्लासेसना नोट्स हव्यात, महाविद्यालयांना प्रबंध हवेत, लग्नसराईत पत्रिका हव्यात, त्यामुळे डीटीपी शिकलेल्याला काम होतं. वहिनी त्यातूनच पुढे आल्या. आणि हेही सांगायला हवं की या कामानं त्यांना पुष्कळ दिलं. सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या शाळा, लातूरमध्ये बाईमाणसानं रात्री छापखान्यातून घरी येण्याचा प्रश्न, हे सगळं सांभाळून स्वतःच्या कमाईचे पैसे हातात आले. पोरीची पहिली फी त्यांनी याच पैशांतून भरली. घरून काम नको असं त्या कधीच म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही.

पण छापखान्याचं छप्पर गेलं तेव्हा त्याच्याबरोबर काय काय गेलं, याची मोजदाद कुणी केली नाही. वीज घरची, इन्व्हर्टर घरचा, खुर्ची घरची. लोडशेडिंगच्या वर्षांत लाइट जाण्याच्या वेळापत्रकावर त्यांनी स्वयंपाक आणि पानं यांची अदलाबदल केली. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. वहिनी तेव्हा शहरातल्याच एकाकडून पानं घ्यायच्या. टँकरच्या रांगेतून घागरी घरी आणून मग त्या पानं लावायला बसत. तो गावातला माणूस होता, त्याच्याही घरी पाणी नव्हतं, म्हणून तो थांबला. आताच्या कंपनीला लातुरात पाणी आहे की नाही हे कळायचा मार्गच नाही.

पैसे भरून पुस्तक काढून देणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आल्या त्या गेल्या पंधरा-अठरा वर्षांत. बंगळुरूची पोथी डॉट कॉम २००८ ची, चेन्नईची नोशन प्रेस २०१२ ची. त्याच २०१२ साली पेंग्विनच्या मालक कंपनीनं, पिअर्सननं, ऑथर सोल्यूशन्स ही अमेरिकी कंपनी ११ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली आणि २०१३ मध्ये भारतात पार्ट्रिज नावानं दुकान उघडलं. तीन-चार वर्षांतच तो सौदा मोडून कंपनी पुन्हा विकली गेली, ते वेगळं. या अमेरिकी कंपनीचा मोठा कर्मचारीवर्ग फिलिपिन्समधल्या सेबू शहरात होता. म्हणजे पुस्तक इंडियानाच्या आजोबांचं आणि त्यांच्याशी फोनवर बोलणारी मुलगी सेबूची. तिला निदान ऑफिस होतं. आपल्याकडचं काम त्याही पुढे जाऊन स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पोचलं.

कायदा अशा माणसाला काय म्हणतो, हेही शोधलं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात एक तरतूद होती. मालकानं दिलेला माल आपल्या घरी नेऊन त्यावर काम करून देणारा बाहेरचा कामगारही त्या कायद्यानं 'कर्मचारी'च धरला होता. आणि छपाईचा उद्योग महाराष्ट्राच्या यादीत होता! पण 'माल' म्हणजे काय? शिवायला दिलेलं कापड माल, वळायला दिलेली तेंदूपानं माल. मेलवर आलेली फाइल? हा प्रश्न त्या काळी कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

विडीचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. सोलापूर, निजामाबाद इथल्या बाया घरी बसून विड्या वळतात. ठेकेदार त्यातल्या काही "खराब" म्हणून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत. विडी कामगार संघटित झाले, १९६६ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यात घरी काम करणाराही आला, आणि छाट किती काढायची यावर पुढे नियमांनी मर्यादा घातली. वाचताना सारखं वाटत होतं, आमच्या सात वेळच्या दुरुस्त्या ही छाटच की! फरक एवढाच की छाट काढणारा ठेकेदार नव्हता, मी होतो.

१९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे इलाबेन भट यांच्या 'सेवा'चा मोठा वाटा होता, पण भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र घरून काम करणारा कामगार कोण, याची व्याख्या आली. वस्तूच नव्हे, सेवाही, आणि सामान मालकाचं असो की स्वतःचं. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे वहिनी काय आहेत याला कायद्यात आता शब्द आहे. त्या शब्दाबरोबर पानाचा भाव मात्र येत नाही.

मी कंपनीला फोन केला. दादांचं पुस्तक कुणी लावलं, विचारलं. "आमची टीम आहे सर." जास्तीच्या चार वेळच्या दुरुस्त्यांचे पैसे द्यायचे आहेत म्हटलं, तर पलीकडची मुलगी गोंधळली. तशी सोय नाही म्हणाली. तिचाही आवाज घरूनच बोलल्यासारखा होता, मागे कुकरची शिट्टी झाली. ते पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत. कुणाचे आहेत ते मला माहीत नाही.

वहिनींना विचारलं, पुस्तकात नाव छापलं तर? त्यांनी जरा विचार केला. "नाव काय करायचंय भाऊजी. तीनदा बदल ठरलेत ना, मग चौथ्यापासून भाव लावा. लेखकाकडून घ्या आणि पानं लावणारीला द्या. आणि रविवारी फाइल धाडू नका." बस, एवढंच. एकशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लोखंड्यांनी मागितलेला रविवार आणि जुन्या छापखान्यातला लेखकाच्या बदलांचा हिशेब. नवं त्यात काहीच नव्हतं.

ब्लॉग लिहिणाऱ्यांपैकी काही जण आपल्या लेखांचं पुस्तक काढायच्या विचारात आहेत, मला माहीत आहे. जरूर काढा. फक्त फाइल पाठवण्यापूर्वी घरच्या सगळ्यांना वाचायला द्या, भांडणं आधी उरकून घ्या, आणि कंपनीला विचारा, जास्तीच्या दुरुस्तीचे पैसे पानं लावणाऱ्यापर्यंत पोचतात का. दहा जणांनी विचारलं तर कुणीतरी उत्तर देईल.

ता. क. कालच आत्याचा फोन आला होता. त्रेचाळिसाव्या पानावर अजून एक चूक आहे म्हणते. दादा शाळेत गेले ते साल चुकलंय. दुसरी आवृत्ती निघाली तर सुधारणार आहेच. भाव आधी विचारून घेईन.